कानातली बिजागरी

मावशीच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि तक्रार सुरू झाली जिभेची. "अगं, आमटी काय, चहा काय, सगळ्याला पत्र्याची चव येते. कान दुरुस्त करायला गेले आणि जीभ बिघडवून आले," असं ती येईल त्याला ऐकवत होती. विचारलेल्या प्रश्नांना पहिल्या खेपेलाच उत्तर देत होती, म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं होतं. तिच्या डाव्या कानातलं सगळ्यात आतलं हाड, रिकीब, कडेनं नको तेवढं हाड साठून जागच्या जागी घट्ट बसलं होतं. डॉक्टरांनी त्याची वरची कमान काढून तिथे टेफ्लॉनचा चार-साडेचार मिलिमीटर लांबीचा दट्ट्या बसवला.

काढलेली कमान त्यांनी मला गॉजच्या तुकड्यावर दाखवली. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे आधी काही दिसलंच नाही. चष्मा वर सारून गॉज नाकाशी धरला तेव्हा तांदळाच्या कणीएवढं काहीतरी दिसलं: दोन वाकडे नाजूक पाय, वर जुळलेले, मध्ये पोकळी. खोगिराला लटकते ती रिकीबच, फक्त मुंगीनं पाय घालावा अशा मापाची. मी सव्वीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, फळ्यावर हे हाड शेकडो वेळा काढलं, आणि दर वेळी वीतभर काढलं. खरं माप डोळ्यांनी पाहिलं ते निवृत्तीनंतर, मावशीच्या कृपेनं.

पत्र्याच्या चवीचं कारण डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी एक बारीक नस कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूनं, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून जाते. रिकिबीपर्यंत पोचायचं तर ती थोडी बाजूला सारावी लागते, मग ती काही आठवडे रुसते. मावशीचं समाधान झालं. माझं झालं नाही. जिभेच्या नसेचं कानात काय काम? कवितेत एखादा शब्द भलत्याच ठिकाणी पडल्यासारखा वाटला की तिथे थांबावं, कवी चुकला असं लगेच ठरवू नये, असं आम्हाला मराठीचे सर सांगत. ही तीन हाडं मी त्या पद्धतीनं कधी वाचलीच नव्हती. आकृती काढा, नावं द्या, चार गुण.

तर आधी वाच्यार्थ. आवाज हवेतून येतो, आणि ज्या पेशींना तो कळायचा त्या बसल्यात गोगलगाईच्या शंखासारख्या पिळलेल्या नळीत, द्रवात. हवेतला आवाज पाण्यावर आदळला तर त्यातल्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो, बाकीचा उलटा फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरच्या आईची हाक ऐकू येत नाही ती म्हणूनच (निदान पोराची सबब तरी तीच असते). मधली तीन हाडं या अडचणीवरचा तोडगा आहेत. पडद्याचा थरथरणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा. रिकिबीचा तळवा ज्या खिडकीत बसतो ती सुमारे ३.२ चौरस मिलिमीटरची. मोठ्या जागेवरचा जोर लहान जागेवर एकवटला की दाब वाढतो, अंगठ्याचा जोर टाचणीच्या टोकाशी वाढतो तसा. इथे तो सतरापट होतो. त्यात हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्याहून थोडा लांब, त्या तरफेचे आणखी १.३ पट. गुणाकार बावीसच्या घरात जातो. हातोडी आणि ऐरण पंचवीस-तीस मिलिग्रॅमची एकेक, रिकीब तीन मिलिग्रॅमच्या आसपास. तिन्ही मिळून गव्हाच्या दीड दाण्याचं वजन. बाळ जन्मतं तेव्हाच ही हाडं पुरत्या मापाची असतात, पुढे वाढत नाहीत. आणि ऐकू येईल न येईल अशा अगदी बारीक आवाजाला पडदा जेवढा हलतो ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. हे वाक्य वर्गात सांगताना मी नेहमी थोडी थांबत असे. मुलं वहीत लिहून घेत आणि पुढच्या वाक्याची वाट बघत.

एवढ्यावर इंजिनिअरचं समाधान व्हावं. पण त्यालाही एक प्रश्न पडायला हवा: तीनच का? बेडकाला, पालीला, कोंबडीला पडद्यापासून आतपर्यंत एकच काडीसारखं हाड असतं. घुबड त्या एका काडीवर काळोखात पाचोळ्याखालचा उंदीर टिपतं. तेव्हा एका हाडानं काम भागत नाही असं म्हणायची सोय नाही. आपली हाडं फार बारीक, वरच्या पट्टीतले आवाज चांगले नेतात हे खरं. बहुतेक पक्ष्यांची धाव सेकंदाला दहा हजार कंपनांच्या आसपास संपते, आपण तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो, काही वटवाघळं लाखाच्याही वर. पण हा तीन हाडांचा उपयोग झाला, कारण नव्हे.

कारण नावांत शोधावं तर नावं दिशाभूल करतात. व्हेसालियसनं १५४३च्या ग्रंथात पहिल्या दोन हाडांना हातोडी आणि ऐरणीची उपमा दिली. तिसरं त्याच्या नजरेतून सुटलं होतं. ते नेपल्समध्ये इंग्रासियाला १५४६ साली सापडलं आणि लोहाराच्या दुकानातून आपण एकदम घोड्याच्या पागेत आलो. गंमत म्हणजे प्राचीन रोमनांकडे रिकीब नव्हती, त्यामुळे अभिजात लॅटिनमध्ये तिला शब्दही नव्हता. मागाहून घडवलेला शब्द या हाडाला चिकटला. आपल्याकडे वस्तूचा शब्द फारसीतून आला, घोडदळाच्या वाटेनं. रिकिबीबद्दल माझी तक्रार नाही, ती तशीच दिसते. पण हातोडी कधी ऐरणीवर पडत नाही. कानात कुणी काही ठोकत नाही. हातोडीचं गोल डोकं आणि ऐरणीचं अंग यांच्यामध्ये रीतसर सांधा आहे: खोगिरासारखे एकमेकांत बसणारे पृष्ठभाग, त्यांवर कूर्चेचा थर, भोवती आवरण. एक भाग दुसऱ्यावर फिरावा म्हणून जे जे लागतं ते सगळं आहे. आणि प्रत्यक्षात फिरणं म्हणाल तर जवळपास नाही. माणसाच्या कानात नेहमीच्या आवाजाला ही दोन हाडं बहुतेक एकत्रच हलतात. लोहाराची उपमा बाजूला ठेवून नुसती रचना पाहिली तर ती बिजागरीची आहे. दार नसलेल्या चौकटीत बिजागरी दिसली तर आपण म्हणू, इथे पूर्वी दार असणार.

ते दार म्हणजे तोंड.

आधी चुकीचा अन्वयही लागून गेला होता. फ्रान्समध्ये जोफ्र्वा सेंतिलेरनं १८१८ साली ही हाडं माशाच्या कल्ल्यावरच्या झाकणाच्या हाडांशी जुळवली होती. सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचा आराखडा एकच, म्हणजे आपल्याकडे आहे ते माशाकडेही कुठेतरी असणारच, हा त्याचा हट्ट. हट्ट बरोबर होता, बोट चुकीच्या हाडावर पडलं. पुढे १८३७ साली जर्मनीत कार्ल रायखर्टनं डुकराची भ्रूणं कापून पाहिली. भ्रूणाच्या खालच्या जबड्यात हाडाच्या आधी दोन्ही बाजूंना कूर्चेची एकेक काडी तयार होते. ती मेकेलनं १८२०मध्येच वर्णन केली होती. रायखर्टनं ती काडी मागे मागे बघत नेली, आणि तिचं मागचं टोक त्याला कानात सापडलं. ते टोक म्हणजेच हातोडी. हनुवटीपासून कानापर्यंत एकसंध. पुढे काडी मध्ये तुटते, पुढचा भाग जबड्याच्या हाडात गडप होतो, मागचा भाग कानाचा होऊन राहतो. सरड्याच्या खालच्या जबड्यात एका बाजूला अनेक हाडं असतात. त्यांतलं अगदी मागचं, सांध्याचं हाड म्हणजे आपली हातोडी. कवटीच्या बाजूनं त्याला भिडणारं चौकोनी हाड म्हणजे आपली ऐरण. ज्या बिजागरीवर सरडा तोंड मिटतो, तीच आपल्या कानात पडद्यामागे टांगलेली आहे. डार्विनचा ग्रंथ यायला अजून बावीस वर्षं होती. रायखर्टकडे जुळणी होती, इतिहास नव्हता. गाउपनं १९१३ साली ही मांडणी तपशिलानं पक्की केली.

मग आपण सध्या चावतो ते कशावर? कानाच्या भोकाच्या किंचित पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे सरकतं ती नवी बिजागरी, सस्तन प्राण्यांची खास. जुनी तिथून बोटभर आत आहे.

एकदा हा अन्वय लागला की बाकीच्या ओळी आपोआप उलगडायला लागतात. पडदा ताणून धरणाऱ्या स्नायूला जी नस हुकूम देते, तीच नस चावण्याच्या स्नायूंनाही देते, कारण तो जबड्याकडचाच स्नायू आहे. रिकिबीला धरून ठेवणारा, शरीरातला सर्वांत लहान असा स्नायू मात्र चेहऱ्याच्या नसेच्या ताब्यात, कारण रिकीब निराळ्या घराण्यातली. तिचा पूर्वज माशाच्या जबड्याला कवटीशी टेकू देणारं हाड होता. एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसलेल्या या तिघी अशा दोन वेगळ्या गावच्या आहेत. आणि मावशीच्या आमटीचा उलगडाही इथेच होतो. चवीची ती नस आजही जुन्या वाटेनंच खालच्या जबड्याकडे उतरते. तिच्या वाटेवरचं घर पूर्वी जबड्याचं होतं, ते कानाचं झालं. तिनं वाट बदलली नाही.

आता या रचनेतलं माझं सगळ्यात आवडतं कडवं. कुणीही शंका काढेल की जबड्याची बिजागरी कानात जायला निघाली असताना मधल्या काळात तो प्राणी जेवत कसा होता? बिजागरी काढून घेतलेल्या दाराचं काय होतं ते आपण घरी पाहतोच. शंका रास्त आहे, आणि उत्तर खडकात आहे. साउथ वेल्समधल्या खाणीतल्या कपारींतून वॉल्टर क्यूनं चिचुंद्रीएवढ्या एका प्राण्याचे अवशेष मिळवले आणि १९४९ साली त्याला मॉर्गन्युकोडॉन नाव दिलं. वीस कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव, किडे खाणारा, बहुधा रात्री हिंडणारा. त्याच्या जबड्याचं सूक्ष्म वर्णन केरमॅक, मसेट आणि रिग्नी यांनी १९७३मध्ये केलं. दात धरणारं मुख्य हाड मोठं, त्याच्या मागच्या टोकाला गोल गाठ, ती कवटीतल्या खाचेत बसते: ही आपली नवी बिजागरी. आणि त्याच हाडाच्या आतल्या बाजूला एक पन्हळ, त्या पन्हळीत ओळीनं बसलेली बारीक मागची हाडं, आणि त्यांच्या टोकाला जुनी बिजागरीही अजून जागेवर. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही चालू. दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका प्राण्याला क्रॉम्प्टननं १९५८ साली नावच दिलं डायार्थ्रोग्नॅथस, म्हणजे दोन सांध्यांच्या जबड्याचा. नवी बिजागरी बसेपर्यंत जुनी काढलेली नव्हती.

याला मी श्लेष म्हणते. श्लेषात एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी खरे असतात, आणि वाचकानं दोन्ही धरून ठेवायचे असतात. मॉर्गन्युकोडॉनचं ते चौकोनी हाड चावतंही आहे आणि ऐकतंही आहे. १९७५ साली एडगर ॲलिननं तर श्लेष आणखी मागे नेला. त्याचं म्हणणं, ही हाडं जबड्यात असतानाच आवाज ग्रहण करत होती. खालच्या जबड्याच्या कोनाच्या हाडाला जो पातळ पंखा फुटलेला दिसतो त्यावर पडदा ताणलेला असावा. म्हणजे चावण्याचं काम सोडून हाडं एके दिवशी ऐकण्याच्या नोकरीला लागली असं झालं नाही. दोन्ही कामं आधीपासून होती. चावण्याचे स्नायू मोठे होत गेले, त्यांचा ओढा दातांच्या हाडावर आला, मागच्या सांध्यावरचा भार घटला. भार घटला म्हणून ती हाडं बारीक होऊ शकली आणि बारीक झाली तशी वरच्या पट्टीतलं जास्त ऐकू लागली. श्लेषातला एक अर्थ हळूहळू मालवत गेला.

आनंदवर्धनानं काव्यातल्या सूचित अर्थाला ध्वनी म्हटलं आणि तो शब्द घेतला वैयाकरणांकडून, जे कानाला ऐकू येणाऱ्या नादाला ध्वनी म्हणत. कानाच्याच हाडांत हा ध्वनी सापडावा हा योगायोग मला भलताच आवडतो, पण तो ताणणार नाही.

पुढचं एक पान चीनमधलं. २००७ साली यानोकोनोडॉन हा बारा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा प्राणी वर्णिला गेला. त्याची कानाची हाडं आकारानं आजच्यासारखी, पण रायखर्टनं पाहिलेली ती काडी त्याच्यात हाडाची होऊन शिल्लक राहिलेली, कान आणि जबडा अजून जोडलेले. संशोधकांनी त्याच्या प्रजातीला ॲलिनचं नाव दिलं. आपल्यात ही काडी गर्भात येते आणि जाते. याच्यात ती मोठेपणीही राहिली. आणि ऑस्ट्रेलियातल्या टायनोलोफॉस या प्लॅटिपसच्या जुन्या भाऊबंदाच्या जबड्यात ती पन्हळ दिसते असं २००५ साली मांडलं गेलं. तो वाद बराच रंगला, पण त्यातून निघणारी गोष्ट आता बऱ्याच जणांना मान्य आहे: जबड्यापासून कान सुटण्याची ही शेवटची पायरी सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या शाखांनी आपापली, एकाहून जास्त वेळा चढली. दोन कवींनी एकमेकांना न वाचता तीच ओळ लिहिली तर आपण वाङ्मयचौर्य शोधायला जातो. इथे चोरीला वाव नाही. दोघांच्या हाती मसुदा एकच होता आणि त्यातली तीच जागा सैल होती, एवढंच मला त्यातून दिसतं.

आपल्याकडे हे पान अर्धं फाटलेलं आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंच्याकडच्या कोटा गावावरून नाव पडलेल्या खडकांत जुरासिक काळातल्या सस्तन प्राण्यांचे अवशेष आहेत. कोटाथेरियम १९८१ साली नोंदलं गेलं ते दातावरून. दात टिकतात. पन्हळीत बसणारी नखाएवढी हाडं पुराच्या गाळात कशी टिकावीत?

पण त्या कोनाच्या हाडाचा एक उत्तरार्ध मात्र भारतातलाच आहे. पडद्याचा पंखा धरणारं ते हाड पुढे आपल्या कानाच्या पडद्याची चौकट झालं. देवमाशांच्या घराण्यात त्या चौकटीच्या हाडाची आतली कड विलक्षण जाड होते. एवढ्या एका खुणेवरून कवटीचा तुकडा देवमाशाच्या कुळातला की नाही ते सांगता येतं. जम्मूतल्या राजौरीकडच्या कालाकोटचे दगड ए. रंगा राव यांनी जमवले होते, त्यांतल्या एका हरणासारख्या छोट्या खुरवाल्या प्राण्याला त्यांनी १९७१ साली इंडोहायस नाव दिलं होतं. त्यांच्या पश्चात ते दगड थेविसन या संशोधकाकडे गेले. कवट्या साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एकीचा कान फुटला, आणि फुटलेल्या जागी आतली कड जाड दिसली. हातून वस्तू फुटल्यावर एवढं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. २००७ साली तो निष्कर्ष छापून आला: देवमाशांचा जमिनीवरचा जवळचा नातेवाईक.

जीवाश्म बाजूला ठेवले तरी श्लेषाचा तो क्षण आजही रोज घडतो. दक्षिण अमेरिकेतलं उंदराएवढं ओपोसम दोन आठवड्यांत जन्मतं, शेंगदाण्याहून लहान, आंधळं, आणि जन्मल्या जन्मल्या आईच्या आचळाला चिकटतं. त्या दिवशी त्याची नवी बिजागरी तयारच नसते. ते दूध ओढतं ते हातोडी आणि ऐरण यांच्यातल्या सांध्यावर, कूर्चेची काडी अजून अखंड असताना. ऐकू त्याला येत नसतं. पुढच्या काही आठवड्यांत नवा सांधा बनतो, काडी मागे तुटते आणि हातोडी कानात मोकळी होते. काडी विरघळवणाऱ्या पेशी कोणत्या, ते २०१७च्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. मी ती चित्रं पाहिली तेव्हा वर्गात आयुष्यभर शिकवलेलं वाक्य, "कान हे ज्ञानेंद्रिय आहे," आठवलं. या पिल्लाला कुणी विचारलं तर ते म्हणेल, अजून नाही, आत्ता मी त्यानं जेवतोय.

या रचनेत दोष नाहीत असं म्हणायला मी धजणार नाही. एका काडीऐवजी तीन हाडं आणि मध्ये दोन सांधे म्हणजे बिघडायला तेवढ्या जास्त जागा. मेम्फिसमध्ये जॉन शे यांनी १९५६ साली रिकिबीच्या जागी टेफ्लॉन बसवून दाखवलं, तेव्हापासून मावशीसारख्यांची सोय झाली. त्याआधी अशी बरीच माणसं बहिरी होत गेली.

दिवाळीला मावशीकडे गेले. पत्रा कधीच गेला होता. चकल्यांत तिखट कमी पडलंय हे तिनं पहिल्या घासाला ओळखलं. रिकीब अडकलेली असताना बाहेरचं कमी आणि आतलं फार ऐकू येतं, म्हणून पूर्वी ती कुरकुरीत काही खाताना चारचौघांत बोलणंच टाळायची. "डोक्यात गिरणी चालायची गं," म्हणाली. "आता बघ, चकली खातेय आणि तू काय पुटपुटतेयस तेही ऐकू येतंय." मी तिच्या डाव्या कानापुढे बोट ठेवलं आणि म्हटलं, चाव.

"आता हे काय नवीन?"

"चाव तर."

बोटाखाली सांधा पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे सरकला. ती चकली संपेपर्यंत मी बोट काढलं नाही.